जुन्या व्हॅनचं पॉवर स्टेअरिंग परत परत जड होतंय? पंप बदलण्याआधी हे बघा

एप्रिल लागला की सोलापुरात जुन्या व्हॅनवाल्यांची ही तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी गाडी काढताना स्टेअरिंग ठीक असतं, दुपारी तुळजापूरहून परत येऊन सात रस्त्याला वळवताना मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागतं. गॅरेजमध्ये पंप बदलतात, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. मग दुसरा पंप. पंप खराब झालेला असतो हे बऱ्याचदा खरंही असतं, पण तो कशाने खराब झाला हे कुणी बघत नाही. घाण ऑइल, सक्शनमधून (पंप ऑइल ओढतो त्या बाजूने) आत येणारी हवा, घसरणारा बेल्ट किंवा आतून सोलून निघालेला होज (ऑइलचा रबरी पाइप), यांतलं काहीतरी तसंच राहतं आणि नवा पंपही त्याच वाटेने जातो.

ट्रॅव्हलर, ट्रॅक्स, सुमो, विंगर अशा हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असलेल्या जुन्या गाड्यांसाठी हे लिहिलं आहे. रचना सगळ्यांची साधारण एकच असते. बॉनेटखालच्या छोट्या टाकीतून ऑइल सक्शन होजने पंपात जातं. पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो, ऑइल दाबाने प्रेशर होजमधून स्टेअरिंग बॉक्समध्ये किंवा रॅकमध्ये (स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) ढकलतो आणि तिथून ते रिटर्न होजने टाकीत परत येतं. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की दाब मॉडेलप्रमाणे ८० ते १२० बारच्या घरात जातो. व्हॅनच्या टायरमधली हवा तीन ते पाच बार असते, म्हणजे त्या होजवर किती ताण येतो ते लक्षात घ्या.

चालत्या गाडीत पॉवर गेली तर

इंजिन बंद करू नका आणि किल्लीला हात लावू नका. किल्ली फिरवून काढली तर स्टेअरिंग लॉक बसू शकतं. शिवाय इंजिन थांबलं की ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि ब्रेकही दगडासारखा होतो.

स्टेअरिंग तुटलेलं नसतं. चाकाशी त्याचा लोखंडी जोड कायम असतो, फक्त मदत गेलेली असते. तरीही ते बिनपॉवरच्या जुन्या गाडीपेक्षा जास्त जड लागतं, कारण पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स कमी फेऱ्यांत चाक वळेल असा बनवलेला असतो आणि वर आतलं ऑइलही तुम्हालाच ढकलावं लागतं. हे माहीत नसलेला ड्रायव्हर स्टेअरिंग जाम झालं समजून घाबरतो आणि जोर लावायचाच सोडतो. जोर लावा, ते वळतं.

पाय रेसवरून काढा, चारही इंडिकेटर लावा, गिअर उतरवत वेग कमी करा आणि डावीकडे घ्या. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर ठेवा. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका, कारण पॉवर नसताना खड्ड्याचा झटका सरळ हातात येतो. ४० च्या वेगाला सरळ रस्त्यावर गाडी सांभाळता येते. खरा त्रास १० च्या खाली सुरू होतो. म्हणून थांबायची जागा अशी निवडा की तिथून बाहेर पडताना कमीत कमी वळवावं लागेल. पेठेतल्या बोळात किंवा पेट्रोल पंपाच्या गर्दीत शिरलात तर अडकाल. उभ्या गाडीचं चाक वळवू नका. गाडी आधी जरा सरकू द्या, मग वळवा. उभ्या गाडीत जोर लावल्याने टायरॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट आणि कॉलमचे (स्टेअरिंगखालच्या दांड्याचे) क्रॉस जॉइंट उगाच मार खातात.

तुळजापूर घाटाच्या वर असताना पॉवर गेली तर तशीच गाडी खाली उतरवू नका. प्रवाशांना दुसऱ्या गाडीची सोय करून द्या. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओव्हरटेक करण्याच्या फंदात पडू नका. ऐनवेळी परत आत यायला लागेल तेवढ्या वेगाने हात फिरणार नाहीत.

थांबल्यावर सगळ्यात आधी मीटरकडे बघा. बॅटरीचा लाल दिवा आणि जड स्टेअरिंग एकदम आलं असेल तर बेल्ट तुटलाय किंवा निघालाय. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप असतो, म्हणजे काही मिनिटांत इंजिन तापतं आणि हेड गॅस्केटचा खर्च बसतो. आणखी एक गोष्ट ड्रायव्हर लोकांना कमी माहीत असते. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरायचा थांबला की इंजिन चालू असूनही ब्रेक कडक होतो. अशा वेळी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

धूर किंवा जळका वास असेल तर प्रेशर होज फुटून ऑइल सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर उडत असण्याची शक्यता आहे. त्याला आग लागू शकते. आता मात्र गाडी थांबली आहे, इंजिन बंद करा, माणसं उतरवा, फायर एक्स्टिंग्विशर हातात घ्या आणि मगच बॉनेट थोडंसं उचलून बघा. ऑइल सगळं गेलं असेल आणि पंपाला स्वतंत्र बेल्ट असेल तर तो काढून टाका. कोरडा फिरलेला पंप आतून खरवडला जातो आणि तो लोखंडी चुरा पुढे बॉक्समध्ये जाऊन बसतो. बेल्ट काढून, जड स्टेअरिंगनेच, गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. बेल्ट सगळ्यांना मिळून एकच असेल तर गाडी टो करा.

पहिली तपासणी: चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि बहुतेक ठिकाणी ती होतच नाही. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद ठेवून, लॉक काढून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. ते एकसारखं, थोडं चिकट पण न अडखळता फिरायला हवं.

इथेच ते जड असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये नाही आणि पंपाला हात लावायचं कारणच नाही. एका फेरीत हलकं-जड-हलकं-जड होत असेल तर कॉलमचा क्रॉस जॉइंट गंजलाय. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारून आणि नंतर धूळ बसून हा हमखास धरतो. रिजिड ॲक्सल (दोन्ही पुढच्या चाकांना एकच आडवा ॲक्सल) आणि किंगपिनच्या (ज्या खुंटीभोवती चाक वळतं तिच्या) गाडीत सगळ्या फेरीत सारखंच जड लागलं तर किंगपिनला ग्रीस पोचत नाही. ग्रीस भरताना चाक उचललेलं असलं पाहिजे. गाडीचं वजन चाकावर असताना खालच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये ग्रीस शिरत नाही, ते निपलच्या कडेने बाहेर येतं आणि काम झालं असं वाटतं.

मधोमध, म्हणजे गाडी सरळ असताना, तेवढंच अडखळत असेल तर बॉक्सच्या वरचा ॲडजस्टिंग स्क्रू कुणीतरी आवळलाय का विचारा. प्ले (स्टेअरिंगमधला ढिलेपणा) काढण्यासाठी तो आवळण्याची पद्धत फार आहे. प्ले बहुतेक वेळा टायरॉड एंडमध्ये किंवा ड्रॅग लिंकमध्ये असतो, स्क्रू मात्र बॉक्सचा आवळला जातो. मग सरळ रस्त्यावर स्टेअरिंग अडकतं, वळणावरून आपोआप परत येत नाही आणि पुढे आतली गिअर झिजून बॉक्सच बदलावा लागतो.

टायरची हवाही याच वेळी बघून घ्या. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच ठेवा. पुढची हवा दहा पॉइंटने (पीएसआय) कमी असली तरी फरक हाताला कळतो. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर टाकले असतील तर पंप नवा असूनही पार्किंगमध्ये जडच लागणार.

लक्षणावरून काय ओळखायचं

चाकं हवेत असताना हलकं आणि खाली टेकल्यावर जड असेल तर हायड्रॉलिककडे या. इंजिन सावकाश चालू असताना जड आणि थोडी रेस दिल्यावर हलकं होत असेल, तर पंप झिजलाय किंवा बेल्ट घसरतोय. उन्हाळ्यात दुपारी हेच जास्त जाणवतं. पारा ४२-४३ वर आणि इंजिनची उष्णता वेगळी, त्यात ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत मागे निसटतं. सकाळच्या थंड ऑइलमध्ये तोच पंप चांगला वाटतो.

याच्या उलट, सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं जड आणि गाडी तापल्यावर हलकं होत असेल तर रॅक किंवा बॉक्समधली व्हॉल्व्हची सील झिजली आहेत. थंडपणी ती आखडलेली असतात. या गाडीला पंप बदलून काहीच उपयोग होत नाही. एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड हेही बॉक्स किंवा रॅकचंच लक्षण आहे, कारण पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब देतो.

मधेच एकदम जड होऊन आपोआप मोकळं होत असेल तर पंपातला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतोय. बहुतेक पंपांत तो एका प्लगमागे स्प्रिंगसकट बसलेला असतो. काढून स्वच्छ डिझेलने धुवा, ओरखडा असेल तर १००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने फिरवा, ऑइल लावून बसवा. तो स्वतःच्या वजनाने भोकात सरकला पाहिजे. पंप बदलायला सांगितलेली गाडी कधी कधी एवढ्यावरच ठीक होते.

बेल्ट

पूर्ण वळवल्यावर कर्कश चिरकण्याचा आवाज येतो तो बेल्टचा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबलं की व्ही-बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर ताण द्या, पण ताठ तारेसारखा करू नका. त्याने पंपाचं बेअरिंग आणि शाफ्टचं सील जातं.

ताण देऊनही चिरकत असेल तर बेल्ट काढा आणि पुलीची खाच बॅटरीच्या उजेडात बघा. चांगला व्ही-बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंतींना धरतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ घासून चांदीसारखा चकाकत असेल तर बेल्ट झिजून अरुंद झालाय आणि तळावर घसरतोय. कितीही ताण दिला तरी तो पकडणार नाही. बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तरी तेच. नवा घेताना जुन्यावरचा नंबर दाखवून त्याच मापाचा घ्या, जोडी असेल तर दोन्ही एकदम बदला. बेल्टवर डिझेल किंवा ऑइल ठिबकत असेल तर आधी ती गळती काढा.

ऑइल आणि हवा

टाकीचं झाकण उघडा. झाकणावर कोणतं ऑइल हे बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं. यांतल्या बऱ्याच गाड्यांत डेक्सरॉन दर्जाचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) चालतं, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. ब्रेक ऑइल कधीही टाकू नका, थेंबभरही नाही. त्याने पॉवर स्टेअरिंगची रबरी सील फुगून मऊ होतात आणि पंप, बॉक्स, होज सगळंच खोलावं लागतं. चुकून कुणी टाकलं असेल तर इंजिन चालूच करू नका, टाकी रिकामी करा.

बोटावर घेऊन बघा. लाल आणि पारदर्शक असेल तर चांगलं. तपकिरी आणि जळका वास म्हणजे ऑइल खराब झालंय. काळं आणि बोटांना काजळी लागणारं म्हणजे होजचं रबर आतून सुटतंय. उन्हात धरल्यावर चमचमणारी बारीक कणी दिसली तर ते पंपाचं लोखंड आहे. गुलाबी दुधासारखं आणि फेसाळ म्हणजे हवा किंवा पाणी शिरलंय.

हवेचा दोष सापडायला सगळ्यात अवघड, म्हणून इथे थोडं थांबतो. पंप गुंss गुंss असा कण्हल्यासारखा आवाज करतो, टाकीत फेस असतो, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. कारण गळती सक्शनच्या बाजूला असते. तिथे पंप ओढतो, त्यामुळे ऑइल बाहेर न येता हवा आत जाते. टाकी ते पंप हा जेमतेम हातभर होज असतो. उन्हाने आणि इंजिनच्या धगीने त्याची टोकं कडक होतात आणि क्लिप आवळूनही बसत नाहीत. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर थोडं एटीएफ सोडा. आवाज क्षणभर बदलला किंवा फेस कमी झाला तर जागा सापडली. होज बदला, नव्या क्लिप लावा. तिथे काही नसेल तर पंपाच्या इनलेटची ओ-रिंग आणि शाफ्टचं सील बघा.

टाकीच्या तळाला बहुतेक गाड्यांत बारीक जाळी किंवा फिल्टर असतो. तो चोंदला तरी पंप उपाशी राहतो आणि हेच सगळं होतं. काही टाक्यांत फिल्टर निघत नाही. अशा ठिकाणी टाकीच नवी घ्या, ती पंपापेक्षा कितीतरी स्वस्त असते.

होज

रिटर्न होजवर क्लिप चालते, तिथे दाब कमी असतो. प्रेशर होजवर साधा रबरी पाइप आणि क्लिप हा जुगाड कधीच करू नका, पहिल्याच पूर्ण वळणाला तो उडतो. मूळ होज मिळाला तर उत्तमच. नाहीच मिळाला तर जुन्याची दोन्ही टोकं घेऊन जेसीबी आणि ट्रॅक्टरचे होज क्रिम्प करून (टोकं मशीनवर दाबून बसवून) देणाऱ्याकडे जा. साखर कारखाने आणि एमआयडीसीमुळे सोलापूर भागात हे काम करणारे मिळतात. तारेची जाळी असलेला, गरम ऑइलला चालणारा होज मागा, लांबी जुन्याइतकीच ठेवा आणि मॅनिफोल्डपासून लांबून न्या. बँजो बोल्टचे (होजचं टोक बसवणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका. जुने दबलेले असतात, ते पुन्हा बसत नाहीत आणि मग लोक बोल्ट आवळून आवळून आटे खराब करतात.

पंप बदललाच तर: फ्लश आणि एअर काढणं

जुन्या पंपाचा चुरा ऑइलमध्ये तसाच ठेवून नवा पंप लावला तर तो टिकणार नाही. परत परत येणाऱ्या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. दोन ते तीन लिटर नवं एटीएफ हाताशी ठेवा. पुढची चाकं उचला, टाकीवरचा रिटर्न होज काढून रिकाम्या बाटलीत सोडा आणि टाकीच्या उघड्या नळीला बूच लावा. इंजिन बंद ठेवूनच एकाने स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने टाकी रिकामी होऊ न देता ऑइल ओतत राहायचं. बाटलीत स्वच्छ लाल ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवा, मग होज परत जोडा.

आता एअर काढा.

१. टाकी खुणेपर्यंत भरा, पाच मिनिटं थांबा.
२. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत १५-२० वेळा फिरवा, मध्ये मध्ये ऑइल भरा. बुडबुडे यायचे थांबले पाहिजेत.
३. इंजिन चालू करा, रेस देऊ नका, पुन्हा पाच-सहा वेळा हळू फिरवा. टोकाला नेऊन धरून ठेवू नका.
४. फेस दिसला तर इंजिन बंद करून अर्धा तास गाडी तशीच ठेवा आणि पुन्हा फिरवा.

घाई करून पहिल्याच झटक्यात इंजिन चालू केलं की हवा ऑइलमध्ये घुसळली जाते आणि मग ती निघायला दिवस लागतो.

पंप की बॉक्स, याचा निकाल

अंदाजाने खर्च करू नका, प्रेशर गेज लावायला सांगा. गेज आणि व्हॉल्व्ह पंप आणि बॉक्सच्या मध्ये जोडतात. इंजिन सावकाश चालू ठेवून व्हॉल्व्ह बंद केला की पंपाचा पूर्ण दाब दिसतो. व्हॉल्व्ह पाच सेकंदांच्या वर बंद ठेवायचा नाही, पंप जळतो. आकडा मॅन्युअलइतका आला तर पंप ठीक आहे, दोष बॉक्समध्ये. कमी आला तर दोष पंपात किंवा त्याच्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जास्तीचा दाब सोडणाऱ्या).

रॅकला सील किट टाकायचं ठरलं तर आधी रॅकचा दांडा पुसून त्यावरून नख फिरवा. फाटलेल्या बूटमधून (रॅकच्या टोकांवरच्या रबरी आवरणातून) धूळ आणि पाणी जाऊन दांड्याला गंजाचे खड्डे पडलेले असतात. नख अडकलं तर नवं सील काही आठवड्यांत कापलं जाणार. दांडा किंवा रॅकच बदला. दांडा गुळगुळीत असेल तर सील किट आणि दोन्ही नवे बूट एकदमच टाका. बाटलीतलं लीक थांबवणारं औषध सील फुगवून थोडे दिवस काढून देतं, पण पुढे रबर मऊ पडतं आणि गळती वाढते. रोज माणसं नेणाऱ्या गाडीत ते टाकू नका.

काम झाल्यावर अक्कलकोटला जाऊन येण्याइतका, ८० किलोमीटरच्या आसपासचा फेरा मारा आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा झाकण उघडा. राहिलेली हवा निघून पातळी थोडी खाली आलेली असते, तेवढं ऑइल भरा. नवा बेल्टही पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ताणतो, त्याचा ताण त्याच वेळी परत तपासा. बँजो बोल्ट आणि होजचे जोड कोरड्या फडक्याने पुसून, पंधरा मिनिटं इंजिन चालवून पुन्हा पुसा. फडक्यावर लाल डाग उठला तर तो वॉशर आजच बदला.